इम्प्लांटवरची कवळी सोडून फिक्स दात बसवताना

जबड्याच्या हाडात रोवलेल्या इम्प्लांटवर, म्हणजे दाताच्या मुळासारख्या स्क्रूवर, बसणारी, काढ-घाल करायची कवळी वापरणाऱ्याच्या मनात कधी ना कधी येतंच: इम्प्लांट तर तोंडात आहेतच, मग त्यांच्यावर फिक्स दात का बसवू नयेत? रात्री दात काढून डबीत ठेवायला नकोत, कवळीखाली कण अडकून हिरडी सोलायला नको. ही इच्छा रास्त आहे आणि बऱ्याच जणांची ती पुरीही होते. फक्त एक फरक आधी नीट समजून घ्यायला हवा. कवळीचा भार हिरडी आणि इम्प्लांट वाटून घेतात. फिक्स दातांचा सगळा भार एकट्या इम्प्लांटवर येतो. त्यामुळे किती इम्प्लांट लागतील, ते कुठे हवेत, हाड किती हवं, ओठाला आधार कोण देणार आणि सफाई कशी होणार, ही सगळी गणितं नव्याने मांडावी लागतात. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे, मधली पायरी गाळू नका.

आधी तक्रार कुठे आहे ते बघा

कवळी सैल झाली म्हणून फिक्सचा विचार सुरू झाला असेल, तर आधी कवळीच दाखवून घ्या. लोकेटर किंवा बॉलवर, म्हणजे इम्प्लांटच्या डोक्यावरच्या बटणासारख्या जोडावर, बसणाऱ्या कवळीच्या आत नायलॉनच्या किंवा रबराच्या छोट्या टोप्या असतात. त्या झिजतात आणि साधारण वर्षभरात, कधी त्याआधीही, बदलाव्या लागतात. हे काम एका भेटीत होतं. खालच्या जबड्यात दोनच इम्प्लांट असतील, तर कवळीचा मागचा भाग हिरडीवर टेकतो. तिथलं हाड हळूहळू झिजत जातं, कवळी मागून डुगडुगायला लागते आणि माणसाला वाटतं इम्प्लांटच हलले. अशा वेळी कवळीला आतून नवा थर दिला, म्हणजे रिलाइनिंग केलं, की पुष्कळदा समाधान होतं. वरच्या कवळीने टाळू झाकला जाऊन चव लागत नसेल, तर चार किंवा जास्त इम्प्लांट नीट पसरलेले असताना टाळूचा भाग कापून कवळी मोकळी करता येते का, तेही विचारा.

एवढं करूनही दात हलल्यासारखे वाटत असतील, कडक पदार्थ चावताना विश्वास वाटत नसेल किंवा काढता येणारे दात ही कल्पनाच मनाला बोचत असेल, तर पुढे जायला हरकत नाही. शेवटचं कारण काही डॉक्टर हलक्यात घेतात. मी घेणार नाही. दात ‘आपले’ वाटणं ही खरी गरज आहे.

तरीही फिक्स म्हणजे बढती आणि कवळी म्हणजे तडजोड, असं सरसकट समजू नये. कॅनडात झालेला आणि 1994 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. त्यात त्याच रुग्णांना खालच्या जबड्यात काही काळ फिक्स आणि काही काळ बारवर, म्हणजे इम्प्लांट जोडणाऱ्या धातूच्या दांडीवर, बसणारी काढता येणारी कवळी वापरायला दिली आणि शेवटी हवं ते निवडायला सांगितलं. जवळपास निम्म्यांनी फिक्स निवडलं, निम्म्यांनी कवळी. फिक्सवाल्यांना घट्टपणा आणि चावण्याची ताकद आवडली, कवळीवाल्यांना सफाईची सोय. दोन्ही वापरून पाहिलेल्या माणसांचा हा कौल आहे, म्हणून त्याला वजन आहे.

सफाई जमेल का, हे शस्त्रक्रियेआधी ठरवा

कवळी काढून नळाखाली घासता येते. फिक्स ब्रिज, म्हणजे फिक्स दातांचा जोडलेला संच, तोंडातच राहतो, आणि हिरडी आणि ब्रिज यांच्यामधल्या अरुंद फटीतून रोज अन्न आणि जिवाणूंचा थर काढावा लागतो. तो राहिला की इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजते, रक्त येतं आणि पुढे हाड खचायला लागतं. यालाच पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. त्यात बराच काळ दुखत नाही, हा त्याचा सगळ्यात वाईट गुण.

म्हणून डॉक्टरांकडे असलेल्या ब्रिजच्या मॉडेलवर एकदा हात चालवून बघा. सुपरफ्लॉसचं, म्हणजे सफाईच्या खास दोऱ्याचं, कडक टोक इम्प्लांटच्या एका बाजूने आत घालायचं, जिभेच्या बाजूने पकडायचं, दुसऱ्या बाजूने पुन्हा बाहेर आणायचं आणि जाड, स्पंजासारखा भाग मागेपुढे ओढायचा. हे प्रत्येक इम्प्लांटपाशी आणि आरशात उलटं दिसत असताना करायचं. संधिवाताने बोटं आखडली असतील, हात कापत असेल, नजर अधू असेल, तर हे रोज होणार नाही, आणि ते आजच मान्य केलेलं बरं. विसरभोळेपणाचा आजार सुरू झाला असेल, तर काढता येणारी कवळी अधिक सुरक्षित. ती दुसऱ्या कुणाला तरी काढून धुता येते.

जुने कागद आणि तोंडाची तपासणी

आता इम्प्लांटची माहिती गोळा करा: कोणत्या कंपनीचे, कोणत्या मालिकेतले, जाडी आणि लांबी किती, कधी बसवले, वर कोणतं अटॅचमेंट आहे. इम्प्लांट कार्ड दिलं असेल तर उत्तम. नसेल तर जिथे ते बसवले तिथून नोंदी मागून घ्या. त्याही मिळाल्या नाहीत तर अनुभवी डॉक्टर एक्स-रेवरून आकार आणि जोड ओळखायचा प्रयत्न करतात. ही माहिती कळीची आहे, कारण प्रत्येक कंपनीचा स्क्रू, त्याचा ड्रायव्हर आणि इम्प्लांटच्या तोंडाचा आकार वेगळा असतो. जुना लोकेटर काढून तिथे फिक्ससाठीचं मल्टी-युनिट ॲबटमेंट, म्हणजे इम्प्लांट आणि ब्रिज यांच्यामधला जोडतुकडा, लावायचं तर ते त्याच इम्प्लांटच्या जोडाचं हवं.

इथेच काहींची गाडी अडते. दोन-अडीच मिलिमीटर जाडीचे मिनी इम्प्लांट बहुधा एकसंध असतात, वरचा बॉल आणि खालचा स्क्रू एकच तुकडा. बॉल काढून दुसरं काही लावता येत नाही आणि संपूर्ण फिक्स ब्रिजचा भार पेलण्याची अपेक्षाही त्यांच्याकडून ठेवू नये. अशा वेळी नवे इम्प्लांट लागतात.

तपासणीत डॉक्टर प्रत्येक इम्प्लांटभोवती प्रोब, म्हणजे मोजमापाची बारीक सळी, घालून हिरडीची खोली आणि रक्तस्राव बघतील, एक्स-रेमध्ये हाडाची पातळी मोजतील आणि सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढतील. खालच्या जबड्यात ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस कुठून जाते आणि वर सायनस, म्हणजे वरच्या दाढांवरची हवेची पोकळी, किती खाली उतरला आहे, हे त्यातच कळतं. आजारी इम्प्लांटवर फिक्स ब्रिज कधीही बांधू नये. आधी उपचार, मग काही काळ थांबून पुन्हा तपासणी, मगच पुढे.

तब्येतीची माहिती सांगताना काही लपवू नका. मधुमेह असेल तर ताजा एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट, घेऊन जा. तंबाखू आणि सिगारेट इम्प्लांटच्या मुळावर येतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब ही औषधं, किंवा डोक्या-मानेला पूर्वी दिलेलं रेडिएशन, यांमुळे जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते दातांच्या आणि ती गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवायचं. आणि झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ती जरूर सांगा. पुढे ब्रिज कशाचा करायचा, हे त्यावर बरंच अवलंबून असतं.

किती इम्प्लांट, आणि कुठे

संपूर्ण जबड्याच्या फिक्स ब्रिजसाठी सहसा किमान चार इम्प्लांट लागतात. वरचं हाड मऊ असल्यामुळे तिथे सहा किंवा त्याहून जास्त घालण्याकडे बऱ्याच डॉक्टरांचा कल असतो. चार इम्प्लांटवर पूर्ण जबडा ही पद्धत पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी रूढ केली. 2003 साली त्यांनी खालच्या जबड्यावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिची युक्ती अशी, की पुढचे दोन इम्प्लांट सरळ घालायचे आणि मागचे दोन तिरके, म्हणजे नस किंवा सायनस चुकवूनही ब्रिजला मागे आधार मिळतो.

संख्येइतकाच पसारा महत्त्वाचा. टेबलाचे चारही पाय एकाच कोपऱ्यात ठोकले तर ते टेबल उभं राहील का? तसंच इथे. पुढच्या आणि मागच्या इम्प्लांटमधलं अंतर जितकं जास्त, तितका मागे लोंबणारा दातांचा भाग सुरक्षित. या लोंबत्या भागाला कँटिलिव्हर म्हणतात, आणि तो त्या अंतराच्या दीडपटीपलीकडे नेऊ नये असा जुना ठोकताळा आहे. मी तर म्हणेन, मागची एक दाढ कमी आली तरी चालेल, पण कँटिलिव्हर आखूड ठेवा.

कवळीसाठी घातलेले दोन इम्प्लांट बहुधा सुळ्यांच्या जागी असतात. फिक्ससाठी मागे किमान दोन नवे लागतात. दोन इम्प्लांटमध्ये निदान 3 मिलिमीटर हाड राहायला हवं, नाहीतर मधलं हाड टिकत नाही. जुना इम्प्लांट नेमका तिरक्या नव्याच्या वाटेत येत असेल, तर तो काढावा लागतो किंवा नव्याची जागा बदलावी लागते. निरोगी पण चुकीच्या जागेवरचा इम्प्लांट हिरडीखाली झाकून ‘झोपवून’ ठेवता येतो. तो वापरलाच पाहिजे असं काही नाही. वर हाड फारच कमी असेल तर सायनस लिफ्ट (सायनसचा तळ उचलून तिथे हाड भरणं) किंवा गालाच्या हाडात रोवायचे झायगोमॅटिक इम्प्लांट हे पर्याय आहेत. झायगोमॅटिकचं काम मात्र त्यातला भरपूर अनुभव असलेल्या सर्जनकडेच करावं.

जागा आणि ओठ: आरशासमोरची चाचणी

या दोन गोष्टींकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि नंतरची नाराजीही बहुतेक इथूनच येते.

पहिली गोष्ट उंचीची. हिरडीपासून समोरच्या दातापर्यंत किती मोकळी जागा आहे ते मोजतात. लोकेटरवरच्या कवळीला साधारण 9 मिलिमीटर पुरतात. धातूच्या पट्टीवर ॲक्रिलिकचे (कडक प्लास्टिकचे) दात बसवलेल्या फिक्स ब्रिजला सुमारे 15 लागतात. झिर्कोनियाचं, म्हणजे कडक सिरॅमिकच्या ब्रिजचं, थोड्या कमी जागेत भागतं. जागा कमी असताना ब्रिज रेटून बसवला तर तो पातळ होतो आणि तुटतो. मग हाडाचा कडा घासून जागा करावी लागते. जुने इम्प्लांट त्याच हाडात असतील तर हे काम अवघड होऊन बसतं, म्हणून हा निर्णय पहिला नवा इम्प्लांट घालण्याआधी व्हायला हवा.

दुसरी गोष्ट ओठाची, मुख्यतः वरच्या. कवळीला पुढे जी गुलाबी कड असते, फ्लँज, ती वरच्या ओठाला आतून उचलून धरते. फिक्स ब्रिजला ही कड ठेवता येत नाही. ठेवली तर तिच्याखाली साफ करता येणार नाही. दात गेल्यावर हाड खूप मागे सरकलं असेल, तर कड गेल्याबरोबर ओठ आत जातो आणि नाकाखालचा भाग बसतो. डॉक्टरांना सध्याच्या कवळीची नक्कल करून तिची पुढची कड कापून द्यायला सांगा. ती घालून आरशासमोर उभे राहा. समोरून बघा, मग बाजूने बघा, बाजूने फोटो काढून घ्या आणि घरच्या माणसाला दाखवा. पटलं तर छान. चेहरा वयस्कर, चोपलेला दिसला, तर कड असलेली बारवरची घट्ट कवळी हाच वरच्या जबड्यासाठी जास्त चांगला पर्याय असू शकतो.

त्याच वेळी कवळी काढून मनापासून हसा. नुसती हिरडी दिसते का? दिसत असेल तर ब्रिजचा गुलाबी भाग आणि खरी हिरडी यांच्यातली रेघ हसताना लोकांनाही दिसेल. ती ओठामागे लपवायला हाड कमी करावं लागेल.

ब्रिज कशाचा हवा

ॲक्रिलिक आणि टायटॅनियमचा हायब्रिड ब्रिज वजनाला हलका असतो, चावताना सौम्य वाटतो, दात तुटला तर दुरुस्त होतो. पण दात झिजतात, डाग धरतात आणि काही वर्षांनी बदलावे लागतात. झिर्कोनिया गुळगुळीत, मजबूत, रंग टिकवणारा. तो तडकला तर मात्र दुरुस्तीला वाव फार कमी, अनेकदा नवाच करावा लागतो. दोन्ही जबड्यांत झिर्कोनिया असेल तर दातावर दात आपटल्याचा आवाज काहींना खटकतो. समोरच्या जबड्यात साधी कवळी असेल तर मी हलक्या साहित्याकडे झुकेन.

ब्रिज सिमेंटने चिकटवायचा की स्क्रूने, या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे: संपूर्ण जबड्याचा ब्रिज स्क्रूचाच घ्या. सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला तर इम्प्लांटभोवती दाह होतो, आणि दुरुस्तीसाठी ब्रिज उतरवायचा म्हटलं की फोडावा लागतो. स्क्रूचा ब्रिज भोकावरचं फिलिंग काढून अर्ध्या तासात उतरतो.

जुनी कवळी टाकू नका

कवळीवाल्यांचा एक मोठा फायदा असा, की दात कुठे असावेत हे आधीच ठरलेलं असतं. नवे इम्प्लांट हाडात जुळेपर्यंत, म्हणजे खाली साधारण 3 ते 4 आणि वर 4 ते 6 महिने, तीच कवळी वापरता येते. नव्या इम्प्लांटवर दाब येऊ नये म्हणून तेवढ्या जागी ती आतून कोरून मऊ लायनर भरतात.

नवे इम्प्लांट घट्ट बसले, साधारण 35 न्यूटन-सेंटीमीटर किंवा जास्त टॉर्क (आवळण्याचा जोर) मिळाला, तर त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत तात्पुरते फिक्स दात देता येतात. यासाठी पुष्कळदा जुन्या कवळीलाच भोकं पाडून, धातूच्या नळ्या पकडून, टाळू आणि कडा कापून तिचाच ब्रिज करतात. पण मग कवळी हातची जाते. म्हणून आधी तिची नक्कल करून ठेवायला सांगा. पुढे ब्रिज दुरुस्तीला लॅबमध्ये गेला, तर आतून मऊ लायनर लावून ही नक्कल घालता येते, चार दिवस बोळक्या तोंडाने काढावे लागत नाहीत.

तात्पुरते दात लगेच मिळाले तरी सुरुवातीचे दोन-तीन महिने मऊच खायचं. दात पक्के वाटतात, दुखत काही नाही, आणि नेमका तिथेच माणूस चुकतो. हाड अजून इम्प्लांटला धरत असतं. या काळात बारीकशी हालचाल झाली तरी तो निकामी होऊ शकतो.

तात्पुरत्या दातांवर घिसाडघाई नको

तात्पुरता ब्रिज ही तुमची खरी तालीम आहे. निदान तीन महिने तो वापरा आणि वही ठेवा. ‘सहासष्ट’, ‘शिस्त’, ‘वाफ’, ‘फसवाफसवी’ असे शब्द मोठ्याने वाचा. वरच्या ब्रिजखालून हवा निसटते का? थुंकी उडते का? गाल किंवा जीभ चावली जाते का? अन्न नेमकं कुठे अडकतं? पुढचे दात मोठे वाटतात का? जे खटकेल ते तात्पुरत्यातच बदलून घ्या. ॲक्रिलिक घासता येतं, वाढवता येतं. झिर्कोनिया भाजून तयार झाल्यावर तक्रार केली तर सगळं नव्याने करावं लागतं. उच्चार बहुतेकांचे काही आठवड्यांत सुधारतात, रोज मोठ्याने वाचलं तर लवकर.

अंतिम माप आणि बसवण्याचा दिवस

अंतिम मापासाठी सगळे इम्प्लांट एकमेकांच्या संदर्भात अगदी नेमके टिपावे लागतात. नैसर्गिक दात किंचित हलतो, हाडात जुळलेला इम्प्लांट हलत नाही. त्यामुळे ब्रिज जरा जरी वाकडा असला तरी त्याचा ताण स्क्रूवर आणि हाडावर कायम राहतो. म्हणून मापानंतर जिग नावाची एक चाचणीपट्टी तोंडात बसवून माप तपासतात. तुमच्या डॉक्टरांकडे ही पायरी आहे ना, हे विचारा.

ब्रिज आला की एका टोकाचा एकच स्क्रू आवळतात आणि दुसरं टोक उचललं जातं का ते बघतात, मग एक्स-रे काढतात. उचललं गेलं तर ब्रिज परत लॅबला. स्क्रूने ओढून बसवून घ्यायचा नाही. स्क्रू कंपनीने ठरवून दिलेल्या टॉर्कने, मापाच्या पान्यानेच आवळले जातात. वरच्या भोकात टेफ्लॉनची पट्टी आणि तिच्यावर दाताच्या रंगाचं फिलिंग भरतात.

आवळण्याआधी ब्रिज हातात मागून घ्या आणि त्याच्या खालच्या बाजूवर बोट फिरवा. ती सपाट किंवा बाहेर फुगीर, काचेसारखी गुळगुळीत लागली पाहिजे. कुठे खळगा, खाच किंवा हिरडीवर पांघरलेली कड लागली तर तिथे तुमचा ब्रश कधीच पोचणार नाही. ते तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगा, संकोच करू नका.

नंतरची निगा

रात्री झोपण्याआधी वॉटर फ्लॉसर, म्हणजे पाण्याची बारीक धार मारणारं यंत्र, हिरडी आणि ब्रिजच्या फटीवर, बाहेरून आणि जिभेच्या बाजूने. मग प्रत्येक इम्प्लांटपाशी सुपरफ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश. तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेलाच ब्रश घ्या, उघडी तार नको. शेवटी नेहमीचा ब्रश. दात खाण्याची सवय असेल तर रात्री नाइट गार्ड. सुरुवातीला दर तीन ते चार महिन्यांनी तपासणी, सगळं ठीक असेल तर दर सहा महिन्यांनी, आणि ठरावीक काळाने एक्स-रे. गरजेप्रमाणे ब्रिज उतरवून खालून साफ करतात आणि झिजलेले स्क्रू बदलतात.

चावताना टक असा आवाज आला, ब्रिज किंचित हलल्यासारखा वाटला किंवा एका जागी सतत घाण वास येऊ लागला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. एक स्क्रू सैल झाला की त्याचा भार बाकीच्यांवर जातो, आणि एका स्क्रूचं काम दोन-तीन इम्प्लांटचं होऊन बसतं.

काम सुरू होण्याआधी लेखी अंदाज घ्या आणि त्यात स्कॅन, नवे इम्प्लांट, तात्पुरता ब्रिज, अंतिम ब्रिज, वर्षाकाठची सफाई आणि तुटफुटीची जबाबदारी वेगवेगळी मांडून मागा. आणखी एक प्रश्न त्याच वेळी विचारा: पुढे हात थकले, सफाई जमेनाशी झाली, तर परत कवळीवर येता येईल का? ब्रिज स्क्रूचा असेल, इम्प्लांट निरोगी असतील आणि फार तिरके नसतील, तर मल्टी-युनिट काढून पुन्हा लोकेटर किंवा बार लावता येतो. याचं उत्तर ‘हो’ यावं अशी आखणी पहिल्या दिवशीच करायला सांगा आणि इम्प्लांटच्या नोंदींची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही देऊन ठेवा.